गॉलमचा लेख चौघांनी लिहायचा तर लेख वाटू नका, पुस्तकं वाटा

प्रश्न थोडक्यात असा: कल्पनारम्य साहित्याच्या एका मराठी विकीवर चौघं मिळून टॉल्किनच्या 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्यांतल्या 'गॉलम' या पात्राचा लेख लिहीत आहेत. दोघं ठाण्यात नौपाड्याला, एक जण ऐरोलीत, एक मैत्रीण नेरूळला. लेखाचे चार विभाग चौघांनी वाटून घेतले. दोन वेळा एकाचं लिखाण दुसऱ्यानं जतन करताना पुसलं गेलं, लेखाच्या कडेला थोडक्यात तपशील देणाऱ्या माहितीचौकटीतल्या 'वंश' या रकान्यावरून आठ दिवस वाद चालला आणि नेरूळच्या मैत्रिणीनं लिहिणं थांबवलं. आता काम मार्गी कसं लावायचं?

आधी गेलेलं लिखाण परत मिळवा. लेख एकदा जतन झाला असेल तर तो विकीवरून जात नाही. लेखाच्या इतिहासात जा, मजकूर शाबूत असलेली शेवटची आवृत्ती तारखेवरून शोधा, ती उघडून फक्त हवा तो परिच्छेद उचला आणि आजच्या आवृत्तीत योग्य जागी ठेवा. जुनी आवृत्ती उघडून ती तशीच जतन करायची चूक करू नका. तसं केलंत तर त्यानंतरच्या सगळ्यांच्या सुधारणा एका दमात पुसल्या जातील. संपादनाच्या सारांशात 'अमुक तारखेच्या आवृत्तीतला परिच्छेद परत आणला' असं लिहा आणि मूळ लिहिणाऱ्याचं सदस्यनाव द्या. मात्र जे जतनच झालं नव्हतं, फक्त खिडकीत टाइप केलेलं होतं, ते गेलं ते गेलंच.

आता मुळाकडे. तुमच्या तिन्ही अडचणी विभाग वाटण्यातून आल्या आहेत. 'जीवनपट', 'स्वभाव', 'अंगठीशी नातं' आणि 'चित्रपटांतला गॉलम' असे चार तुकडे केले की वाटणी सारखी झाल्यासारखी वाटते. पण 'द हॉबिट'मधला गुहेतला कोड्यांचा प्रसंग (गॉलमची जादूची अंगठी याच वेळी नायक बिल्बोकडे जाते) पहिल्या तिन्ही तुकड्यांत लागतो आणि चौथ्यात तुलनेला लागतोच. एकच प्रकरण चौघं वाचतात, चौघं चार तऱ्हांनी सांगतात, आणि मग कुणीतरी पुनरुक्ती काढायला बसतो आणि दुसऱ्याचे दोन परिच्छेद उडवतो. त्यात कुणाची खोडी नसते, वाटणीच तशी झालेली असते.

त्याऐवजी पुस्तकं वाटून घ्या. एकानं 'द हॉबिट' घ्यावं, पण आवृत्त्यांमधल्या फरकांसकट. दुसऱ्यानं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं प्रास्ताविक आणि पहिले तीन भाग घ्यावेत. ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापली गेली, पण आतून ती सहा भागांची आहे, आणि संदर्भ देताना खंडापेक्षा भाग उपयोगी पडतो. तिसऱ्याकडे चौथा ते सहावा भाग. हे सगळ्यांत जड काम आहे, कारण चौथ्या भागात गॉलम जवळजवळ सतत समोर असतो आणि सहाव्याच्या तिसऱ्या प्रकरणात त्याचा शेवट आहे. चौथ्याकडे परिशिष्टं, टॉल्किनची १९८१ मध्ये छापलेली पत्रं, 'अनफिनिश्ड टेल्स'मधलं अंगठीच्या शोधाचं प्रकरण आणि चित्रपट. वाटणी पानांच्या संख्येवर करू नका, गॉलम किती येतो त्यावर करा.

या टप्प्यावर कुणीही लेख लिहायचा नाही, फक्त टिपणं काढायची. लेखाच्या चर्चा पानाला जोडून एक उपपान उघडा आणि त्यात साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात तपशील, एका वाक्यात. दुसऱ्यात ग्रंथ, भाग आणि प्रकरण. पान क्रमांक दिला तर सोबत आवृत्तीही द्या, कारण नौपाड्यातल्या प्रतीचं पान ऐरोलीतल्या प्रतीत सापडणार नाही. प्रकरण मात्र सगळ्या प्रतींत तेच असतं. तिसऱ्या रकान्यात 'हे कोण सांगतंय'. चौथ्यात 'शब्दशः की सारांश'.

तिसरा रकाना लोक हमखास गाळतात, आणि कल्पनारम्य साहित्यावरच्या लेखांतले निम्मे वाद तिथेच जन्मतात. 'अंगठी ही वाढदिवसाची भेट होती' असं गॉलम म्हणतो. त्यानं डीगॉल या मित्राचा गळा दाबून ती घेतली हे जादूगार गँडाल्फ सांगतो, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या प्रकरणात, त्या कादंबरीचा नायक फ्रोडो याला. पुस्तकात वाक्य आहे एवढ्यावर पहिलं विधान लेखात सरळ तथ्य म्हणून आलं, तर तुम्ही खोटं बोलणाऱ्या पात्राची साक्ष निवेदकाच्या तोंडी घातलीत. टिपणात 'गॉलमच्या तोंडून' असं असेल तर लिहिणारा आपोआप 'गॉलमचा दावा असा की' असं लिहितो.

तुमचा 'वंश' रकान्याचा वादही याच तक्त्यानं सुटतो. 'द हॉबिट'चा निवेदक सांगतो की हा प्राणी कुठून आला, कोण किंवा काय होता, हे त्याला माहीत नाही. पुढच्या कादंबरीत गँडाल्फ म्हणतो की तो हॉबिटांच्या, म्हणजे बुटक्या लोकांच्या, जातकुळीतला असावा, स्टूर या त्यांच्या शाखेच्या पूर्वजांशी नातं असलेला. परिशिष्ट ब मधल्या कालपटात तिसऱ्या युगाच्या २४६३ च्या आसपासच्या नोंदीत डीगॉलला सरळ 'स्टूर' म्हटलंय. म्हणजे एक निवेदक 'माहीत नाही' म्हणतो, एक पात्र अंदाज करतं, आणि कालपट बाजूच्या माणसाबद्दल ठाम बोलतो. यातलं कोणतंही एक उचलून भांडत बसलात तर तिघंही आपापल्या जागी बरोबर ठरतील. रकान्यात 'हॉबिट, स्टूर शाखा' एवढं लिहा, संदर्भ परिशिष्टाचा द्या, आणि आधीच्या दोन साक्षी मजकुरात एका परिच्छेदात क्रमानं मांडा. माहितीचौकट ही वादाची जागा नाही. ज्या उत्तराला 'पण' लावावा लागतो ते चौकटीत मावत नाही, त्याला परिच्छेदच लागतो. याच न्यायानं जन्मवर्षाचा रकाना रिकामा ठेवा. परिशिष्ट ब मध्ये तशी नोंद नाही, आणि चाहत्यांच्या पानांवर फिरणारा आकडा उचलायचा तर आधी त्याचं मूळ दाखवावं लागेल.

आवृत्त्यांवर थोडं रेंगाळायला हवं, कारण गॉलमच्या बाबतीत हाच सगळ्यांत श्रीमंत भाग आहे आणि मराठीतल्या लेखांत तो बहुधा नसतोच. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत कोड्यांच्या पैजेत बिल्बो जिंकला तर गॉलम त्याला अंगठी भेट देणार होता. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत टॉल्किननं हे प्रकरण बदललं. आता जिंकल्यावर फक्त बाहेरची वाट दाखवायची, आणि अंगठी गेल्यावर गॉलम चवताळतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रास्ताविकात जुनी हकीकत ही बिल्बोनं आधी सांगितलेली खोटी हकीकत म्हणून कथेतच सामावून घेतली. त्यामुळे हीच घटना तुमच्या लेखात दोनदा येणार, आणि दोन वेगळ्या विभागांत: कथानकात 'बिल्बो आधी खोटं सांगतो' म्हणून, आणि पात्राच्या घडणीत 'लेखकानं प्रकरण पुन्हा लिहिलं' म्हणून. पहिल्या वाक्यात कर्ता बिल्बो आहे, दुसऱ्यात टॉल्किन. हे दोन कर्ते एका परिच्छेदात मिसळले की लेख हातातून सुटला असं समजा. दोघा संपादकांनी दोन वेगळ्या आवृत्त्या वाचल्या असतील तर त्यांचं भांडणही इथेच लागतं, आणि दोघांच्या हातात पुरावा असतो.

आणखी एक सापळा. 'द हॉबिट'च्या स्वीडिश आवृत्तीसाठी टोव्हे यान्सननं १९६२ मध्ये चित्रं काढली, त्यांत गॉलम अवाढव्य आहे. १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीत गॉलमच्या वर्णनात तो आकारानं लहान असल्याचं शब्दांत आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण 'ते चित्र पाहून टॉल्किननं बदल केला' हे तिसरं वाक्य पहिल्या दोन वाक्यांच्या बेरजेतून लिहायचं नाही. त्याला स्वतंत्र संदर्भ हवा. दोन संपादकांनी दोन टिपणं आणली आणि तिसऱ्यानं त्यांना 'म्हणून' या शब्दानं जोडलं, असं सहकार्यात फार होतं. तपासताना लेखातला प्रत्येक 'म्हणून', 'त्यामुळे' आणि 'यावरून' वेगळा काढून बघा.

टिपणं जमली की पहिला मसुदा एकानंच लिहायचा. इथे लोकशाही नको. चौघांचे परिच्छेद शिवून केलेल्या गोधडीपेक्षा एकाच्या हातचा साधा मसुदा दुरुस्त करायला कितीतरी सोपा असतो. मसुदा लिहिणाऱ्याच्या धूळपाटीवर, म्हणजे त्याच्या सरावाच्या पानावर, लिहावा, मूळ लेखावर नाही. लांबीचा अंदाज आधीच ठरवा: प्रस्तावना १०० ते १५० शब्द, कथानकातला प्रवास ६०० च्या आत, पात्राची घडण आणि आवृत्त्या ४०० च्या आसपास, चित्रपट-नभोनाट्य २५०, समीक्षेतलं स्थान जितकं संदर्भासह मिळेल तितकं. इंग्रजी विकिपीडियावर चित्रपटाच्या कथानकासाठी ४०० ते ७०० शब्दांची मर्यादा सुचवलेली आहे, ती एका पात्रासाठीही बरी पडते. कथानक फुगतंच. ते फुगलं की समजायचं, टिपणांचा तक्ता जसाच्या तसा वाक्यांत उतरवला आहे.

मसुदा तयार झाला की प्रत्येकानं फक्त आपल्या पुस्तकाची वाक्यं तपासायची. वाक्य, कंसातला संदर्भ, मूळ प्रकरण, तीनही समोर ठेवून. मग एक फेरी अदलाबदलीची: चौथ्या ते सहाव्या भागाची वाक्यं परिशिष्टवाल्यानं वाचायची. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याला मजकूर कळत नसेल तर तो वाचकालाही कळणार नाही. चित्रपटाची गाळणही याच फेरीत लावा. पीटर जॅक्सनच्या २००३ च्या चित्रपटात शेवटी फ्रोडो आणि गॉलमची झटापट होऊन गॉलम कड्यावरून खाली पडतो, आणि त्याआधी जिन्यावर फ्रोडो आपल्या सोबती सॅमला परत पाठवतो. पुस्तकात असं घडत नाही: तिथे गॉलम अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता तोल जाऊन पडतो, आणि सॅमला कुणी परत पाठवत नाही. पण चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला असतो, पुस्तक दहा वर्षांपूर्वी वाचलेलं असतं, आणि आठवण पडद्यावरची निघते. टॉल्किननं १९५६ च्या एका पत्रात या शेवटाबद्दल लिहिलंय, की तिथे कथेचा लेखक असलेल्या वेगळ्याच शक्तीनं सूत्रं हाती घेतली. हे कथानकात घालू नका, ते पात्राच्या अर्थाच्या विभागात, पत्राचा संदर्भ देऊन.

आता 'पुसलं गेलं' यामागची यंत्रणा. तुम्ही संपादनाची खिडकी उघडता तेव्हा मीडियाविकी, म्हणजे विकी चालवणारं सॉफ्टवेअर, लक्षात ठेवतं की तुम्ही कोणत्या आवृत्तीवरून सुरुवात केली. तुम्ही जतन करायच्या आत दुसऱ्यानं काही जतन केलं असेल, तर ते दोन्ही बदल ओळीओळीनं जुळवून बघतं. विकीच्या मजकुरात एक परिच्छेद म्हणजे एक ओळ, तो कितीही लांब असो. दोघांनी वेगवेगळे परिच्छेद बदलले असतील तर बदल आपोआप एकत्र होतात, तुम्हाला कळतही नाही. दोघांनी एकाच परिच्छेदाला हात लावला, किंवा अगदी लागून असलेल्या ओळींना, तर संपादन-संघर्षाचं पान येतं. नेहमीच्या संपादनपद्धतीत त्यावर दोन चौकटी असतात: वरची सध्या जतन असलेली, खालची तुमची. जतन फक्त वरची होते. घाईत माणूस काय करतो, खालचं सगळं उचलून वर चिकटवतो. झालं, दुसऱ्याचं काम गेलं. तुमच्याकडे दोन वेळा हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. दुसरी शक्यता अशी की कुणीतरी तीन दिवस लेख वर्ड फाइलमध्ये सुधारला आणि मग अख्खा लेख वरून चिकटवला. तेव्हा संघर्षाचं पानही येत नाही, कारण संपादनाची खिडकी नुकतीच उघडलेली असते.

उपाय साधे आहेत. अख्खं पान उघडू नका, विभागाच्या शीर्षकाजवळचा संपादनाचा दुवा वापरा. एका बैठकीत एकच प्रकारचा बदल करा आणि जतन करा: परिच्छेद हलवायचा असेल तर आधी नुसता हलवून जतन, मग त्यातले शब्द सुधारून दुसरं जतन. दोन्ही एकत्र केलंत तर दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणाऱ्या पानावर जिकडेतिकडे रंग दिसतो आणि तपासणारा कंटाळून 'ठीक आहे' म्हणतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागणार असेल तर लेखाच्या माथ्यावर 'काम चालू' असा साचा, म्हणजे तयार सूचनापट्टी, लावा, आणि उठताना तो काढा. दोन दिवस तसाच राहिलेला साचा बघून पुढच्या वेळी कुणी त्याला भीक घालत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवरून संपादन करायचं तर ते शुद्धलेखनापुरतं ठेवा. नेटवर्क गेलं की जतन अडकतं, आणि ब्राउझरनं पान पुन्हा लोड केलं तर लिहिलेलं जातं. मोठा मजकूर जतन करण्याआधी तो कॉपी करून ठेवायची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

संदर्भांचा एक तांत्रिक घोटाळा सांगून ठेवतो, कारण चौघांच्या लेखात तो होणारच. एकच संदर्भ वारंवार वापरायचा असतो तेव्हा त्याला नाव देतात. पूर्ण तपशील एकाच ठिकाणी लिहिला जातो, बाकी ठिकाणी नुसतं नाव. आता ज्या परिच्छेदात पूर्ण तपशील होता तोच कुणी काढला, तर लेखभर बाकीच्या जागी लाल अक्षरांत त्रुटी उमटते. काढणाऱ्याला वाटतं आपण फक्त एक परिच्छेद काढला. म्हणून सगळे नाव दिलेले संदर्भ लेखाच्या तळाशी, संदर्भ विभागातच एकत्र लिहा आणि मजकुरात फक्त नावं वापरा. नावंही देवनागरीत आणि ठरलेल्या साच्यात: 'हॉबिट-१९५१-प्र५', 'रिंग्ज-भा४-प्र१'. वाचताक्षणी कळतं, आणि कुणाच्या वाट्याचं आहे तेही कळतं.

मराठीत लिहिताना काही निर्णय इंग्रजी विकीवरच्या संपादकांना कधीच घ्यावे लागत नाहीत. पहिला, नावांचा. गॉलमचं आधीचं नाव स्मीगल, स्मेआगोल की स्मिगॉल. गॉलम की गोलम. 'स्वामी मुद्रिकांचा' या मराठी अनुवादात जे रूप आहे ते आधी बघा. ठाण्यात १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. अशा जुन्या ग्रंथालयाच्या सूचीत अनुवाद शोधणं हे वादापेक्षा स्वस्त पडतं. छापील अनुवादातलं रूप वापरायचं की उच्चाराच्या जवळचं, हे एकदा ठरवा आणि बाकीची रूपं पुनर्निर्देशनं म्हणून, म्हणजे वाचकाला मुख्य पानाकडे नेणारी पानं म्हणून, तयार करा. हा निर्णय फक्त ध्वनीचा नाही. अनुवादकांसाठी टॉल्किननं स्वतः नावांची मार्गदर्शिका लिहिली होती, कोणती नावं अर्थानं भाषांतरित करायची आणि कोणती तशीच ठेवायची हे सांगणारी. परिशिष्ट फ मध्येही स्मीगल आणि डीगॉल ही मूळ नावांची भाषांतरं असल्याचं म्हटलंय: मूळ ट्राहाल्ड, म्हणजे बीळ करत आत घुसणारा, आणि नाहाल्ड, म्हणजे गुपित. हे टिपण नावांच्या चर्चेत पहिल्याच दिवशी ठेवलं असतं तर पुढची अर्धी चर्चा झालीच नसती. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या मराठी नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन'साठी 'परीस' आला, तो असाच आपल्याकडच्या गोष्टींतून आला.

इथेच न दिसणारी एक अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर एका कळीनं येतं, तसंच 'अ'वर चंद्र चढवून, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालूनही बनतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, विकीला ती दोन वेगळी शीर्षकं वाटतात. 'ऱ्य'चंही तसंच. चौघं चार कळफलक वापरत असतील तर एकाच नावाची दोन पानं जन्माला येतात आणि दुवे लाल, म्हणजे पान नसल्यासारखे, दिसतात. शीर्षक टाइप करू नका, एकदा ठरलेलं कॉपी करून वापरा.

दुसरा निर्णय आदरार्थी रूपांचा. टॉल्किन 'ते', हे ठीक. पण गँडाल्फ 'तो' की 'ते'? गॅलाड्रिएल 'ती' की 'त्या'? एका परिच्छेदात 'गँडाल्फ म्हणाला' आणि पुढच्यात 'गँडाल्फ यांनी सांगितले' असं आलं की शिवण उसवलेली दिसते. सरळ नियम करा: खऱ्या व्यक्तींना आदरार्थी, कथेतल्या सगळ्या पात्रांना एकवचन, मग तो राजा असो की जादूगार. याच बैठकीत लेखाची भाषा 'केले, होते' अशी ठेवायची की 'केलं, होतं' अशी, हेही ठरवून टाका. कोशात पहिली रुळलेली आहे. कथानक वर्तमानकाळात लिहा: 'गॉलम अंगठी हिसकावतो'. मराठीत हे खटकत नाही, आणि लेखकाच्या आयुष्यातल्या घटना भूतकाळात राहिल्या की दोन्ही थर आपोआप वेगळे दिसतात.

तिसरा निर्णय लिंगाचा, आणि तो खरोखर गमतीचा आहे. गॉलमचं 'माय प्रेशस' इंग्रजीत लिंगाविना चालतं. 'द हॉबिट'मध्ये तो हे बहुतेक स्वतःलाच उद्देशून म्हणतो, पुढच्या कादंबरीत अंगठीला. मराठीत 'माझा लाडका' म्हटलं की तो स्वतः, 'माझी लाडकी' म्हटलं की अंगठी. संदिग्धता तिथेच मेली. 'माझं' ठेवलंत तर दोन्ही अर्थांना वाव राहतो. जो शब्द निवडाल तो लेखात अवतरणात द्या आणि ही अडचण एका वाक्यात सांगा. यंत्रानं केलेल्या अनुवादात इथे 'माझे मौल्यवान' असं येतं आणि पात्राचा आवाजच जातो. यंत्राचा मसुदा वापरला असेल तर सारांशात तसं नोंदवा आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मूळ प्रकरणाशी ताडून बघा.

निर्णय कुठे घेता याला महत्त्व आहे. शनिवारी तलावपाळीवर बसून ठरवा, व्हॉट्सॲपवर ठरवा, हरकत नाही. पण ठरल्यावर त्याच दिवशी चर्चा पानावर तीन ओळी यायला हव्यात: प्रश्न काय होता, काय ठरलं, कोणत्या संदर्भावरून; आणि खाली चार तरंगरेषांची (~~~~) सही, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप येते. जे चर्चा पानावर नाही ते ठरलेलं नाही, असं चौघांनीही मानायचं. सहा महिन्यांनी पाचवा संपादक येऊन 'गोलम' करून जाईल तेव्हा त्याला तुमचा ग्रुप दिसणार नाही, चर्चा पान दिसेल.

या पाचव्याबद्दल नीट सांगायला हवं. तो तुमच्या मताविरुद्ध बदल करतो आणि तुम्ही ग्रुपवर 'सगळे या' म्हणून चौघं एकापाठोपाठ तो उलटवता, म्हणजे रद्द करता, याला विकीच्या जगात टोळी म्हणतात आणि प्रचालक, म्हणजे विकीचे व्यवस्थापक, ते गंभीरपणे घेतात. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते, आणि चौघांनी आलटून पालटून उलटवलं म्हणून कुणी सुटत नाही. तुमच्यापुरता नियम आणखी कडक ठेवा: एकदा उलटवलं की पुढचं बोलणं चर्चा पानावरच. चौघं एकमेकांना ओळखता हे आपापल्या सदस्यपानावर लिहून टाका. एकाच घरच्या वाय-फायवरून चार खाती संपादन करत असतील तर एकाच माणसाची चार खाती असल्याचा संशय येतो, तोही या एका ओळीनं मिटतो. नव्या मित्रांना घेऊन बसणार असाल तर खाती आदल्या दिवशी आपापल्या घरून उघडायला सांगा. विकिमीडियाच्या प्रकल्पांवर एका आयपीवरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात.

प्रताधिकाराचं थोडक्यात. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. टॉल्किन १९७३ मध्ये गेले, म्हणजे इथे २०३३ संपेपर्यंत. अवतरणं छोटी आणि विवेचनापुरती ठेवा, मुखपृष्ठं विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवू नका. दुसऱ्या विकीवरून अनुवाद करत असाल तर सारांशात मूळ पानाचा दुवा द्या, आणि परवाना बघा: विकिपीडियाचा मजकूर २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्याखाली आहे, तर चाहत्यांचे बरेच विकी ३.० वर आहेत. ३.० चा मजकूर ४.० मध्ये नेता येतो, उलट नाही. चौघांनी गूगल डॉक्समध्ये मिळून लिहून एकाच्या खात्यातून चिकटवलंत तर बाकी तिघांचं श्रेय इतिहासातून नाहीसं होतं. सारांशात चारही सदस्यनावं द्या.

राहिली नेरूळची मैत्रीण. तिचं लिखाण दोनदा पुसलं गेलं असेल तर ती रुसली नाहीये, तिनं हिशेब केलाय. 'परत ये ना' असा मेसेज पाठवू नका. तिचे परिच्छेद तिच्या नावासकट परत आणा, ते केल्याचा दुवा तिच्या चर्चा पानावर ठेवा, आणि तिला विचारा की चारपैकी कोणतं पुस्तक घ्यायला आवडेल. पहिली निवड तिची. तिनं चौथा ते सहावा भाग मागितला तर बाकीच्यांनी मुकाट्यानं सरकायचं. तिनं नाही म्हटलं तरी तिघांत चार पुस्तकं बसतात: परिशिष्टं आणि पत्रं 'हॉबिट'वाल्याकडे जोडा, चित्रपट पहिल्या तीन भागांवाल्याकडे, आणि मसुद्याची तारीख दोन आठवडे पुढे ढकला.